पाचशे ग्रॅमचं पनेट आणि शेवटचा तुकडा : दिंडोरीच्या एका पॅकहाउसमधलं वजन-टेबलाचं प्रकरण

युरोपला जाणारी द्राक्षं बरीचशी ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे दुकानात ठेवायच्या छोट्या डब्यात जातात, दहा पनेट म्हणजे ५ किलोची एक पेटी, आणि या पनेटचं वजन बरोब्बर बसवणं हे पॅकहाउसमधलं सगळ्यात किचकट काम आहे असं माझं मत आहे. साखर असती तर चिमूटभर टाकली चिमूटभर काढली, जमलं. घड मात्र तुकड्यातुकड्यात येतो. काट्यावर ४७० दिसतंय, हाताला जो तुकडा लागला तो ७० चा, झाले ५४०. मग एकतर ते तसंच जाऊ द्यायचं, नाहीतर दुसरा तुकडा शोधायचा, नाहीतर कात्रीनं मणी उतरवायचे, आणि उतरवलेले मणी सुट्ट्या मालात जातात, त्याला काय भाव मिळतो ते नाशिककरांना सांगायला नको.

हिशोब बघा. कंटेनरमध्ये १३ टन माल धरला तर २६,००० पनेट होतात. पनेटमागे १५ ग्रॅम जादा गेले तर ३९० किलो, म्हणजे ७८ पेट्या द्राक्ष बिलात न दिसता जहाजावर चढलं. कमी भरूनही चालत नाही, युरोपात पॅकबंद मालाला १९७६ पासूनचा नियम आहे की लॉटची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये, आणि ५०० ग्रॅमच्या एखाद्या पॅकमध्ये १५ ग्रॅमपर्यंतची घट खपते, त्यापलीकडची मोजक्याच पॅकना. त्यात वाटेत पाणी उडून वजन घटतं, २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि वाटेतले दिवस वाढले, म्हणून पॅकहाउसवाले घटीसाठी काही ग्रॅम आधीच वर धरतात. ते लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. मी बोलतोय ते त्याच्याही वर नकळत जाणाऱ्या ग्रॅमबद्दल.

तर प्रकरण असं. दिंडोरी तालुक्यातलं एक मध्यम पॅकहाउस, नाव लिहीत नाही, मालकांना सगळे आप्पा म्हणतात. हंगाम जानेवारी ते एप्रिल, पॅकिंगला बायका, त्यातल्या बऱ्याच पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या येणाऱ्या, आणि मजुरी पेटीमागे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. आप्पांनी एका वर्कशॉपकडून "स्मार्ट" वजन-टेबल बनवून घेतलं होतं. अर्धगोलात दोन रांगांमध्ये १६ वाट्या, प्रत्येक वाटीखाली लोडसेल म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, समोर स्क्रीन. बाईनं प्रत्येक वाटीत एकेक तुकडा ठेवायचा, मशीन सगळ्या जोड्या, दोनाच्या, तीनाच्या, कितीही वाट्यांच्या, तपासून सांगणार की ३, ७ आणि १४ नंबरच्या वाट्या मिळून ५१२ होतात, त्या उचल. कागदावर हे जबरदस्त आहे. १६ वाट्यांच्या अशा ६५,५३५ जोड्या होतात, त्यात टार्गेटच्या एखाद्या ग्रॅमच्या आत बसणारी जोडी जवळजवळ नेहमी सापडते. डेमोला आप्पांनी स्वतः वाट्या भरून बघितल्या, जादा वजन खरंच जवळपास शून्य. हंगाम सुरू झाला आणि टेबल भिंतीला लागलं, बायका परत जुन्या काट्यावर. सुपरवायझरचं म्हणणं, बायकांना नवीन काही नकोच असतं. आप्पांनी मला बोलावलं कारण मी सातपूरला कारखान्यांसाठी फिक्स्चर, म्हणजे काम पकडून ठेवायचे साचे, आणि असेंब्लीच्या जागा डिझाइन करायचं काम करतो आणि त्यांना वाटलं सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदलून देईल.

सॉफ्टवेअर चोख होतं. अडचण समजायला ही कल्पना मुळात कुठून आली ते बघावं लागतं. जोड्या लावून वजन करणारं पहिलं मशीन १९७२ मध्ये जपानच्या इशिदा कंपनीनं बनवलं, तेही ढोबळी मिरचीसाठी, म्हणजे प्रश्न आपल्यासारखाच होता, नग लहानमोठे आणि पिशवीचं वजन ठरलेलं. आज वेफर्सपासून फ्रोझन मटारपर्यंत सगळं त्याच पद्धतीनं भरतात. पण त्या मशीनमध्ये निवडलेल्या वाट्यांची दारं खाली एकदम उघडतात आणि माल पडतो, कुठली वाटी जवळ कुठली लांब याचा काही फरक पडत नाही, तीन वाट्या उघडा नाहीतर सहा, वेळ तेवढाच. द्राक्ष असं टाकता येत नाही, मणी फुटतात, देठ हलतात, मणीगळ होते. म्हणून या टेबलावर दारांच्या जागी बाईचा हात आला, अल्गोरिदम, म्हणजे जोडी निवडायची गणिती पद्धत, मात्र तोच राहिला, ज्याला हात नावाची गोष्टच माहीत नाही.

मी टेबल परत लावायला सांगितलं आणि एका मावशींना म्हटलं तुम्ही करा, मी फक्त बघतो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "दादा, आधी हे सगळे वाटे भरायचे. मग आकडे यायची वाट बघायची, मग तीन ठिकाणी हात घालायचा, परत तेच तीन वाटे भरायचे. तोवर तिकडं काट्यावर माझं पनेट होऊन जातं. पेटी कमी झाली तर पैसे कुणाचे कमी होतात?"

यात सगळं आलं. पूर्वी एक तुकडा एकदा हाताळला जायचा, क्रेटमधून पनेटमध्ये. आता दोनदा, आणि प्रत्येक हाताळणीत मण्यावरचा तो पांढुरका मेणाचा थर पुसला जातो, जो खरेदीदार पहिल्यांदा बघतो. मागची रांग गाठायला खांदा वर जातो. स्क्रीनवर नंबर वाचायचा, मग तो नंबर वाट्यांमध्ये शोधायचा. वाचणारे ग्रॅम मालकाचे आणि जाणारे सेकंद मावशींचे. अशा टेबलाला कुणी नकार दिला तर तो अडाणीपणा म्हणू नये, तो सरळ हिशोब आहे आणि त्यांचा बरोबर आहे. माझं या प्रकरणातलं एकच म्हणणं आहे, ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे गणितानं सगळ्यात चांगला पर्याय शोधताना, कुठला अल्गोरिदम घेतला याच्या आधी मोजायचं काय आणि ते कुणाच्या खात्यातून जातंय हे लिहून काढा. बाकी सगळं त्यातून निघतं.

मग आधी जुन्या काट्यावरचंच काम मोबाइलवर शूट केलं आणि हळू करून बघितलं. हे प्रत्येकानं करावं, कॉम्प्युटरवर कामाचं गणिती मॉडेल लिहायच्या आधी. त्यात दोन गोष्टी दिसल्या. पहिली, सुरुवातीचे तुकडे झपाट्यानं जातात. मावशी क्रेटमधून मोठा तुकडा उचलतात, बघतात, फिरवतात, खराब मणी दिसला तर कात्रीनं काढतात आणि पनेटमध्ये ठेवतात, मग दुसरा, रंग आणि मण्याची साइज जुळणारा. इथं त्यांच्या हाताला वजन कळतं, डोळ्याला प्रतवारी कळते, मशीननं मध्ये येऊ नये. वेळ जातो तो शेवटच्या तुकड्याला. ४३० झालेत, आता ८० चा पाहिजे, क्रेटमध्ये हात घालून चाचपणं सुरू, एक उचलला, ठेवला, ५३०, काढला, दुसरा. सगळी उलाढाल तिथं.

दुसरी गोष्ट सुपरवायझरला माहीतच नव्हती. मावशी एका वेळी एकच पनेट भरत नव्हत्या. एक काट्यावर आणि एक अर्धवट भरलेलं डाव्या हाताला. शेवटचा तुकडा काट्यावरच्या पनेटला बसला नाही तर तो बाजूच्याला बसतो का बघायच्या. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आता एक नियम सांगतो जो बरोबर इथं लागू पडतो. युरोपच्या द्राक्ष मानकात घडाचं, म्हणजे आपल्या भाषेत तुकड्याचं, किमान वजन ७५ ग्रॅम आहे, पण १ किलोपर्यंतच्या ग्राहक-पॅकमध्ये वजन जुळवण्यासाठी एक तुकडा त्यापेक्षा लहान चालतो, बाकी प्रतवारीत बसला पाहिजे. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनीही शेवटचा लहान तुकडा गृहीत धरलेला आहे, एकच, दोन नाही. १६ वाट्यांच्या टेबलाला हे सांगितलेलं नव्हतं आणि ते कधीकधी दोन-दोन लहान तुकड्यांची जोडी सुचवायचं.

इथून नवीन टेबलाची कल्पना सरळ निघाली. मोठे तुकडे मावशी आपल्या पद्धतीनं भरतील. फक्त शेवटच्या तुकड्यासाठी समोर काही वाट्या, त्यात तोललेले लहान तुकडे आधीच तयार, पनेट काट्यावर स्थिर झालं की ज्या वाटीतला तुकडा सगळ्यात कमी जादा वजनात बसतो तिच्या कडेवरचा दिवा लागणार. एकच हालचाल. वाट्या भरायचं काम पलीकडच्या बाजूनं मदतनीस करणार, कारण घड सोडवताना आणि छाटताना लहान तुकडे तसेही निघतातच.

बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून सांगतो, इथं दोन वेगवेगळी ऑप्टिमायझेशन आहेत. एक आतलं, टेबल चालू असताना दर पनेटला, आत्ता कुठला तुकडा. दुसरं बाहेरचं, एकदाच करायचं, टेबल कसं बनवायचं. आतलं अगदी सोपं. नगांतून ठरलेली बेरीज जमवणं हा प्रश्न मोठ्या संख्येला अवघड आहे, १९७२ मध्येच कॉम्प्युटर शास्त्रज्ञ रिचर्ड कार्पनं ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी दिली त्यात तो आहे, पण आठ-दहा वाट्यांना त्याचं काय, सगळे पर्याय तपासले तरी दोनशे रुपयांच्या कंट्रोलरला ते पापणी लवायच्या आत होतं. तिथं जेनेटिक अल्गोरिदम वगैरे लावणं म्हणजे पैसे आणि डोकं दोन्ही वाया. खरी डोकेफोड बाहेरच्यात आहे.

वाट्या किती? याचं ढोबळ उत्तर कागदावर मिळतं. समजा लहान तुकडे ४० ते ११० ग्रॅममध्ये सारखे पसरलेत, म्हणजे पट्टा ७० ग्रॅमचा, आणि वाट्या n. तर हव्या त्या वजनाच्या लगेच वरचा तुकडा सरासरी ७० भागिले n+1 इतका वर सापडतो. ६ वाट्यांना १० ग्रॅम, ८ ला पावणेआठ, १२ ला साडेपाचच्या खाली. म्हणजे ८ वरून १२ वर जाताना चार वाट्या, चार लोडसेल आणि हाताची जास्त धाव देऊन साधारण अडीच ग्रॅम मिळतात. आप्पा म्हणाले पहिल्या टेबलावर तर एक ग्रॅमसुद्धा जात नव्हता, आणि हे पावणेआठ. बरोबर होतं त्यांचं, पनेटमागे ८ म्हणजे कंटेनरला २०० किलोच्या वर. पण तो एक ग्रॅम जे टेबल कुणी वापरत नाही त्याच्यावरचा होता.

मग मावशींची दुसरी युक्ती मॉडेलमध्ये घातली, उघड्या पनेटची संख्या, एक का दोन का तीन. दोन पनेट दोन छोट्या काट्यांवर ठेवली तर त्याच ८ वाट्यांमधून १६ जोड्या होतात आणि त्यातली चांगली आधी पूर्ण करायची. हिशोबानं जादा वजन अर्ध्याच्या दिशेनं सरकतं, अगदी अर्धं होत नाही कारण मागं राहतं ते पनेट अवघडच असतं, पण तोवर एका वाटीत नवीन तुकडा आलेला असतो, त्यामुळं त्यालाही परत संधी मिळते. हात लांब न्यावा लागत नाही, वाट्या वाढत नाहीत. चार वाट्या वाढवून जे मिळालं असतं त्यापेक्षा हे जास्त, आणि तिसऱ्या पनेटला फायदा इतका थोडा की जागा अडवायच्या लायकीचा नाही. ही कल्पना कुठल्याही सॉफ्टवेअरनं दिली नसती, कारण सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या बदलत्या गोष्टींमध्येच शोधतं.

बाहेरच्या मॉडेलमध्ये बदलत्या गोष्टी अशा ठेवल्या, वाट्यांची संख्या, प्रत्येक वाटीची जागा, टेबलाची उंची, उघडी पनेट, आणि किती ग्रॅमच्या आत बसला तर दिवा लावायचा ती खिडकी. खिडकी अरुंद केली तर वजन छान पण दिवाच लागत नाही, बाई थांबून राहते, हे विसरू नका. मोजायच्या गोष्टी चार: जादा वजन, पनेटमागचा वेळ, खांद्यावरचा ताण, आणि एका तुकड्याला किती वेळा हात लागतो. या चारही एका आकड्यात मिसळायच्या नाहीत असं मी पहिल्यापासून धरून बसलो होतो. मिसळलं की एक ग्रॅम म्हणजे किती सेकंद हे कुणीतरी गुपचूप ठरवतं, आणि तो कुणीतरी टेबलावर उभा राहणारा नसतो.

वेळेसाठी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सचा १९५४ चा नियम वापरला. हात लक्ष्यापर्यंत न्यायला किती वेळ लागेल हे अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगवर ठरतं. १२ सेंटीमीटरची वाटी २५ सेंटीमीटरवर असेल तर अवघडपणा २.०६ बिट (बिट हे या नियमातलं अवघडपणाचं माप), ६० वर असेल तर ३.३२. एका बिटला किती वेळ हे व्हिडिओवरून काढलं, पुस्तकातला आकडा घेतला नाही कारण हातात द्राक्ष असलेली बाई आणि प्रयोगशाळेतला विद्यार्थी वेगळे. दिवा वाटीच्या कडेवरच लावायचा हेही तिथंच ठरलं, खूण आणि हात एकाच जागी असले की नंबर वाचणं-शोधणं हा टप्पाच उडतो.

खांद्याच्या ताणाचा भाग जरा खोलात सांगतो कारण इथं ऑप्टिमायझर कसा वागतो ते छान दिसतं. ताण मोजायला रूला नावाची पद्धत आहे, १९९३ ची, नॉटिंगहॅमला तयार झालेली, त्यात दंड २० ते ४५ अंश पुढं असेल तर २ गुण, ४५ च्या वर ३, ९० च्या वर ४. माणसानं बघून गुण द्यायला उत्तम. पण हेच गुण उद्दिष्ट म्हणून दिले तर अल्गोरिदम वाट्या बरोब्बर ४४ अंशांवर नेऊन ठेवतो, कारण त्याच्या लेखी २१ आणि ४४ सारखेच. खांद्याच्या लेखी नाहीत. म्हणून उद्दिष्टात दंडाचा सलग कोन घेतला, किती वेळ किती अंश असा, आणि रूला फक्त शेवटी तपासायला ठेवली. पोहोच धरली सगळ्यात लहान हाताच्या बाईची. उंची धरली सगळ्यात उंच बाईच्या कोपरापासून थोडी खाली, बाकीच्यांना पायाखाली लाकडी पाट. टेबल खाली-वर करणारी यंत्रणा आप्पांनी विचारली होती, पण धुण्याच्या पाण्यात ती टिकली नसती.

अल्गोरिदम एनएसजीए-टू. तेव्हा आयआयटी कानपूरला असलेल्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा, २००२ चा, एकापेक्षा जास्त उद्दिष्टं असली की जगभर पहिला हाच काढतात आणि पायथॉनमध्ये तयार मिळतो. तो एकच उत्तर देत नाही, अशा डिझाइनचा गठ्ठा देतो ज्यातल्या कुठल्याही दोनमध्ये एक सगळ्याच बाबतीत दुसऱ्यापेक्षा सरस नसतं. एकात वजन चांगलं पण हात लांब, दुसऱ्यात उलट. इथं दुसरा एखादा चांगला अल्गोरिदम घेतला असता तरी फार फरक पडला नसता असं मला वाटतं. एक गोष्ट मात्र जपली, प्रत्येक डिझाइनला तुकड्यांची तीच ती रांग दिली, आप्पांच्याच क्रेटमधून तोलून लिहिलेली. नाहीतर एखादं डिझाइन नशिबानं चांगले तुकडे मिळाले म्हणून जिंकतं आणि आपण त्याला हुशार समजतो.

पहिल्या रनमध्ये जादा वजनाला सगळ्यात चांगली जी डिझाइन आली त्यात एक विचित्र प्रकार होता. एक-दोन वाट्यांमध्ये तोच तुकडा पडून राहायचा. वजन अडनिडं, कशातच नीट बसत नाही, आणि उचलायची सक्ती नाही, म्हणून सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी या कामाची नक्कल, तो तसाच ठेवून बाकीच्यांवर काम भागवायची. खऱ्या हॉलमध्ये तो तुकडा तासभर उघड्यावर राहिला तर देठ सुकतो, आणि हिरवा देठ ही ताजेपणाची खूण आहे. मग वय घातलं, तुकडा ठरावीक वेळेपेक्षा जास्त राहिला की त्याला पहिला मान, थोडं वजन जादा गेलं तरी चालेल. जादा वजन जरा वाढलं, देठ वाचला. दुसरं असं की सगळ्या वाट्या उजव्या हाताकडे गोळा व्हायला लागल्या, कारण सिम्युलेशनमधली बाई उजव्या हाताची होती. पॅकिंगच्या बायकांमध्ये एक ताई डावरी आहे. म्हणून दोन्ही बाजू सारख्या असल्याच पाहिजेत अशी अट टाकली, थोडा वेळ गेला, पण टेबल कुणालाही चालतं आणि एक खांदा दुखला तर दुसऱ्या हातानं काम करता येतं.

गठ्ठ्यातून निवड आम्ही कॉम्प्युटरसमोर बसून केली नाही. तीन डिझाइन घेतली, पेट्यांच्या पुठ्ठ्याचं खऱ्या मापाचं टेबल केलं, वाट्यांच्या जागी कागदी वाट्या, दिव्याच्या जागी मी स्वतः बोट दाखवत उभा. मावशींनी दहाच मिनिटांत एक बाद केलं. त्यात वाट्या काट्यांच्या मागं होत्या, अंतर कमी, मॉडेलला फार आवडलेलं, पण भरलेल्या पनेटवरून हात न्यायला लागतो आणि बाही घासते. मॉडेलमध्ये बाही नव्हती. राहिलेल्या दोनमधून आठ वाट्यांचं घेतलं, एकाच कमानीत, दोन काटे मध्ये, खिडकी १० ग्रॅम. बारा वाट्यांचं डिझाइन आप्पांना हवं होतं. मावशी म्हणाल्या कडेच्या वाट्यांना वाकावं लागतं, दिवसभर नाही होणार. आप्पांनी स्वतः दोन पेट्या भरून बघितल्या आणि मान्य केलं, हे त्यांचं मोठेपण.

इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुद्दा, कारण असले टेबल बनवणारे बरेच जण इथंच अडकतात. लोडसेलचा सिग्नल आकड्यात बदलायला स्वस्तातली एचएक्स-७११ चिपची पट्टी लावतात, ती बाजारात बहुतेक सेकंदाला १० वाचनांवर सेट केलेली येते आणि त्या वेगाला वाचन स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. ऐकायला कमी वाटतं, पण दर पनेटला हात हवेत थांबतो, आणि पेटीमागे पैसे घेणाऱ्या माणसाला ते थांबणं लगेच जाणवतं. पट्टीवरची रेट नावाची पिन बदलली की ८० वाचनं मिळतात, स्थिर व्हायला ५० मिलिसेकंद, फक्त आकडा जरा नाचतो. म्हणून दोन्ही काट्यांना ८० चा वेग आणि थोडी सरासरी, वाट्यांना १० चाच, कारण वाटीतला तुकडा आधीपासून पडूनच आहे, त्याची घाई नाही. कन्व्हेअरचं कंपन वेगळं, त्यासाठी टेबलाचे पाय कन्व्हेअरच्या फ्रेमपासून सोडवले. आणि हे टेबल फक्त सुचवतं. पनेटचं शेवटचं वजन पडताळणीचा शिक्का असलेल्या काट्यावरच होतं, त्यात तडजोड नाही.

आता मजुरी. टेबल कितीही चांगलं झालं तरी शिकताना पेट्या कमी होणार, आणि तो तोटा बायकांनी का सोसायचा? मी आप्पांना सांगितलं की हे डिझाइनचाच भाग आहे, हे नसेल तर लोखंडावर खर्च करू नका. त्यांनी शिकण्याच्या काळापुरता आधीच्या सरासरी कमाईइतका रोज पक्का केला, त्यावर पेट्या जास्त झाल्या तर त्याचे पैसे वेगळे. सुपरवायझरला हे पटलं नव्हतं. पण टेबलासमोर बाया स्वतःहून उभ्या राहायला लागल्या त्या यामुळंच, दिव्यांमुळं नाही.

पुढं काय झालं तर, जादा वजन पूर्वी दोन आकडी ग्रॅममध्ये असायचं ते एक आकडी झालं, १६ वाट्यांच्या डेमोइतकं कमी नाही. कात्रीनं वजनासाठी मणी उतरवणं जवळजवळ थांबलं, हा फायदा मी मॉडेलमध्ये धरलाच नव्हता आणि आप्पांच्या मते तोच मोठा निघाला. वेग रुळायला वेळ लागला, मग जुन्या काट्याच्या पुढं गेला, पण प्रत्येकीचा नाही, ज्या दोघी-तिघी आधीपासूनच फार तरबेज होत्या त्यांना वेगात काही विशेष मिळालं नाही, वजनात मिळालं. मदतनीस लागते, ती मजुरी नवीन आहे आणि हिशोबात धरावी लागते. एका टेबलाला एक पूर्ण मदतनीस परवडत नाही, दोन टेबलांमध्ये एक ठेवली तर जमतं. म्हणून आता टेबलं जोडीनंच लावतो, वाट्यांची बाजू एकमेकांकडे.

काळ्या वाणांना याच सेटिंगची फाइल चालत नाही. मणी मोठे, तुकडे जड, लहान तुकड्यांचा पट्टा वेगळा, त्यामुळं वाट्यांची संख्या तीच राहिली तरी खिडकी बदलते. थंडी जास्त पडलेल्या वर्षी निफाडकडचा माल वेगळा, दिंडोरीचा वेगळा. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला त्या त्या मालाचे लहान तुकडे काही क्रेटभर तोलून लिहून काढायचे आणि रन परत लावायचा, लॅपटॉपवर रात्रभरात होतं. टेबल तेच राहतं, फक्त खिडकी आणि वयाची मर्यादा बदलते.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. नियम सरासरीचा आहे, म्हणजे एका पनेटला ३ ग्रॅम कमी आणि दुसऱ्याला ३ जास्त असं पेटीत जुळवलं तर कायद्यानं चालतं, आणि टेबलाला ते शिकवणं अगदी सोपं आहे, जादा वजन आणखी खाली येईल. पण आप्पांच्या खरेदीदाराच्या करारात प्रत्येक पनेट पोहोचताना ५०० च्या वर हवं असं लिहिलेलं आहे. त्यामुळं खिडकी एकतर्फी ठेवली आहे, टार्गेटच्या खाली दिवा लागतच नाही, आणि करार बदलेपर्यंत ती तशीच राहील.